न सांगायचा उपास

आणे, ४ मार्च

आदेश,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे तू माझा आणि आईचा नंबर बंद करून टाकला आहेस. भरतकाकाचा फोन तुला लागतो, पण भरतशी बोललेलं सगळं संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. माझा सख्खा भाऊ असला तरी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून पत्र. चाकणच्या खोलीचा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

आई जेवत नाही.

तू भरतकडून निरोप धाडलास, की लग्नाला यायचं तर आईनं कपाळाला कुंकू लावून बापाशेजारी देवकाला बसायचं, जमत नसेल तर देवकाला काका-काकू बसतील आणि आईनं घरीच थांबायचं. आईनं निरोप ऐकला, मान हलवली, मला ताट वाढलं. तेव्हापासून बाई दिवसभर पाण्यावर आहे. रात्री कधी घोटभर दूध, कधी तेही नाही. मला आधी वाटलं, रुसली. आपल्यात बाईमाणूस रुसलं की पहिलं ताट बाजूला सरकवतं, माझ्या आईनं तर त्यात नाव काढलं होतं. पण रुसलेलं माणूस घरभर भांडी आपटतं. ही रोज सकाळी तोंड धुऊन, डोक्याला तेल चोपडून, वेणी घालून अशी तरतरीत बसते की कुणालाही वाटावं, आत्ताच दोन भाकरी चेपून आली. म्हणून कितीतरी दिवस मला पत्ताच लागला नाही.

शेवटी माझा वाटा मी तिच्यापुढं सरकवला आणि म्हणालो, खा, नाहीतर मीही उठतो. तेव्हा कबूल झाली. उपास आहे म्हणाली, तुझ्यासाठी. तुझं मन निवळावं म्हणून.

उपास म्हटल्यावर मी आपला शहाणा, बेल्ह्याच्या बाजारातून भगर, साबुदाणा, रताळी घेऊन आलो. शेंगदाण्याची आमटी स्वतः केली. आपला उपास कसला असतो तुला माहीत आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. तर ही तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अवो, आमच्या उपासाला उपासाचं बी चालत न्हाई." ती भगर मी एकट्यानं दोन दिवस खाल्ली.

मग तिनं मला बजावलं. "कुणाला सांगू नगा. उपास लोकांना दाखवायचा नसतो, असं प्रभूनं सांगितलंय. तोंड धुवायचं, तेल लावायचं, ज्याचं त्याला कळलं म्हंजे झालं." मी हो म्हणालो आणि आता तुला सांगतो आहे, कारण तुझ्या आईला शुगर आहे, हे तिच्या प्रभूला ठाऊक असेल, पण तू विसरला असशील.

आणखी एक ऐक. यात्रेतलं. श्रेयाची माणसं सोयरीक पक्की करायला आली होती. सगळं गाव आमटी-भाकरीच्या प्रसादाला पंगतीत बसलं आणि आई नुसती वाढत फिरत होती. श्रेयाची आत्या म्हणाली, "आमच्या पंगतीला बसायला कमीपणा वाटतो का?" आई नुसती हसली. मागून कुणीतरी बोललं, "ती आता आपल्यातलं खात न्हाई, बाटली ती." तुझा चेहरा पडला तो अजून वर आलेला नाही. आता मला कळलंय, त्या दिवशीही तिचा उपास होता. तुझी सोयरीक सुरळीत जुळावी म्हणून! पहाटेपासून टोपलंभर भाकरी थापल्या त्यासुद्धा उपाशीपोटी. एक शब्द बोलली असती तर ही वेळ आली नसती, पण बोलायचं नाही ना. मी तिला विचारलं, उपास नसता तर प्रसाद खाल्ला असतास का? म्हणाली, "ते माजं मलाच अजून ठरवता येत न्हाई." निदान खोटं तरी बोलली नाही.

तिनं देव बदलला याचा मला आनंद झालाय असं समजू नकोस. तिची बहीण गेली तेव्हा आपण सगळे तेराव्याला जेवून हात धुऊन मोकळे झालो. जुन्नरच्या वैजयंतीबाई, ब्लाउज शिवतात त्या, तेवढ्या महिनोन् महिने तिच्याजवळ बसून तिच्याबरोबर रडल्या. त्यांच्या मागोमाग ती प्रार्थनेला जायला लागली. मी भांडलो, थकलो, आता दर रविवारी तिला एसटीत बसवून देतो. नवरा थकू शकतो, मग मुलाला काय झालं?

ये. तिच्या हातचे दोन घास खा, तिला लग्नाला ये म्हण, विषय संपला.

तुझा बाप

आणे, १३ मार्च

आदेश,

भरतच्या फोनवर तुझा निरोप आला. त्यानं मोठ्यानं वाजवून दाखवला, माझ्यासकट चौघांनी ऐकला. "उपोषणाला बसायचं असेल तर आईला म्हणावं, जुन्नरला तहसील कचेरीपुढं मांडव घाल. असल्या दबावाला मी भीक घालत नाही." शाब्बास. शिकवून सवरून मोठा केला तो हे ऐकायला.

मीही मग गप्प बसलो नाही. नारायणगावच्या तुझ्या मामाला फोन केला. भावकीतल्या थोरल्यांना सांगितलं. श्रेयाच्या वडलांनाही कळवलं, की तुमच्या जावयाची आई अन्नावाचून मरायला टेकली आहे, तुमच्यात असं चालत असेल तर करा लग्न. सगळे तुला फोन करताहेत, हे मला माहीत आहे. करू देत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, मला तो पीळच जाळायचा आहे.

आता खरी गोष्ट. परवा आम्ही हरभरा उपटत होतो. ऊन तापलं होतं. आई माझ्यापुढं ओळीत होती. अचानक उभी राहिली आणि म्हणाली, "आदेशची शाळा सुटली का वं?" मला वाटलं, चेष्टा करते. वळून बघितलं तर अंगावरचं लुगडं घामानं पिळून काढावं असं भिजलेलं, हात थरथरताहेत, डोळे कुठंतरी भलतीकडेच. मी पोचेपर्यंत ती ढेपाळली. हाक मारली तर नुसती हुं हुं करते. भरतची बायको बांधावर होती, ती घराकडं पळाली आणि साखरेचा डबा घेऊन आली. आईला कुशीवर घेऊन मी चिमूट चिमूट साखर तिच्या गालात चोळत राहिलो. तिचे दात माझ्या बोटावर बसले तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, चाव, पण जिवंत राहा.

आळेफाट्याच्या डॉक्टरनं माझीच खरडपट्टी काढली. शुगरची गोळी घ्यायची आणि वर उपाशी राहायचं म्हणजे विहिरीच्या काठावर झोपायचं, म्हणाला. मी म्हणालो, ती गोळी घेते हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं उपासात गोळीही बंद असेल. आईला विचारलं, जेवत नव्हतीस तर गोळी कशाला गिळत होतीस? तर म्हणते, "गोळी न्हाई घेतली तर तुमी डबी बघून दवाखान्यात नेलं असतं. डॉक्टरला कळलं असतं. मग सगळ्यास्नी कळलं असतं." लपवण्यापायी जीव द्यायला निघाली होती बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी जुन्नरला गेलो. तिच्या प्रार्थना घेणाऱ्या पाळकाची गचांडी धरायची ठरवूनच गेलो होतो. बाजारपेठेतल्या बोळात दुकानाच्या वर खोली आहे, तिथं सतरंज्या अंथरून ह्यांची प्रार्थना होते. मला वाटलं होतं कुणी जाडजूड, गोड गोड बोलणारा असेल. तर हे तुझ्याएवढं पोरगं, मोटरसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी रस्त्यावरच तोंड सोडलं. तो ऐकत राहिला, पांढराफटक पडला. म्हणाला, "काका, मंगलताईंना शुगर हाय हे मला ठाऊकच नव्हतं. औषध चालू असताना असला उपास करायचाच न्हाई. मी सगळ्यांना सांगतो, तब्येत बघा, नसंल झेपत तर दुसरं कायतरी सोडा. त्यांनी मला इचारलंच न्हाई." मग म्हणाला, "एक बोलू का? उपास देवाला वाकवायला नसतो. माणसाला तर न्हाईच न्हाई." भांडायला गेलेला मी त्याच्याकडं चहा मागून बसलो. तो घरी येऊन तिला समजावणार आहे.

पण तिच्या डोक्यातून तू गेल्याशिवाय ती ऐकेल असं मला वाटत नाही. दवाखान्यातून आणल्यापासून दोन वेळा खाते, कारण मी समोर बसतो. मी गुरांकडं गेलो की काय करते, ते देव जाणे. रोज घरात पाऊल टाकताना मला धसका असतो.

आता ठरव. कुंकवाच्या एका टिकलीसाठी तुला आई घालवायची असेल तर तसं कळव. लग्नाला तिला बोलावू नकोस, तिच्या तेराव्याला तूच ये.

आणे, २० मार्च

आदेश,

मागच्या पत्राची शेवटची ओळ आईनं ऐकली असती तर मला घरात घेतलं नसतं. तू विसर म्हणून विसरणार नाहीस, पण मी ती मागं घेतो.

काल पाळक आणि वैजयंतीबाई आले होते. पाळकानं तिला स्पष्ट सांगितलं, ताई, हा उपास आजपासून बंद. जाता जाता वैजयंतीबाई सहज बोलून गेल्या, की नारायणगावात माझ्या गिऱ्हाईक बाईनं विचारलं, आण्याची ती बाई अजून उपाशीच आहे का? मी लगेच चहाचे कप उचलायला लागलो. जन्मात कधी कप उचलले नाहीत, तेव्हाच तिनं ओळखलं असणार.

ती माणसं गेल्यावर तिनं विचारलं, "आदेशला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, मी. पत्र लिहिलं. मामालाही सांगितलं. श्रेयाच्या वडलांनाही.

आदेश, चोवीस वर्षं संसार केला, तिला रागावलेली हजारदा पाहिली. अशी कधी पाहिली नाही. आवाज चढवला नाही तिनं. "तुमी माजा उपास बाटवला," म्हणाली. "मी देवापाशी मागत व्हते. देवानं दिलं असतं न्हाईतर न्हाई म्हटलं असतं, त्यो आमचा दोघांचा मामला. तुमी त्यो उचलला आन् पोराच्या नरड्यावर ठेवला. आता त्यो आला तर भिऊन आला म्हणायचं, आन् न्हाई आला तर आईला मारली म्हणायचं. त्यानं करायचं काय?"

मी म्हणालो, तुझ्या जिवासाठीच केलं ना! आपल्यात नवस-सायास सगळ्यांना सांगूनच करतात. उपास आहे म्हटलं की शेजारपाजारचे विचारून खायला घालतात, त्यात लपवायचं काय असतं, हे मला काय माहीत? मी तिचा कैवार घेऊन गावभर हिंडत होतो आणि तिचीच वस्तू चव्हाट्यावर मांडत होतो.

ती चुलीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "तुमचं एकट्याचं न्हाई. माज्या बी मनात कुठंतरी व्हतं, त्याला कळावं. कळून पळत यावं. तोंड धूत व्हते, तेल लावत व्हते, आन् आतून वाट बघत व्हते." हे बोलताना तिला रडू आलं. मलाही आलं, पण मी धुराचं निमित्त केलं.

मग तिनं टोपल्यातली सकाळची भाकरी घेतली. कोरड्यास नव्हतं, नुसती चटणी. माझ्यासमोर बसून घास घास करून अख्खी भाकरी खाल्ली. घास उतरत नव्हता, पाण्याबरोबर ढकलत होती. तिला उपाशी बघताना मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं ही भाकरी खाताना बघून लागलं, कारण ती काय सोडून देत होती हे मला दिसत होतं. हात धुतले आणि म्हणाली, "लिव्हा आता. जे मी सांगते तेवढंच."

तर हे तिचे शब्द. आई जेवली. आईचं तुझ्याकडं काही मागणं नाही. देवकाला काका-काकूंना बसव, ती हौशी माणसं आहेत, नीट करतील. कुंकू मी लावू शकत नाही, म्हणून मी येत नाही, यात तुझा दोष धरत नाही. श्रेयाला हिरवा चुडा भरताना लहान मापाचा आणा, तिचं मनगट बारीक आहे. सुखानं लगीन कर.

पुढचं माझं. श्रेयाच्या वडलांना मी फोन करून सांगितलं, की मंगल ठणठणीत आहे, मीच कांगावा केला. मामालाही सांगितलं. भरतला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. आता तुला कुणी टोचणार नाही. तू मोकळा आहेस. मीही तुला ये म्हणत नाही, फक्त मंडपात मी तिच्याशिवाय उभा राहीन की नाही ते मला आज सांगता येणार नाही. राग म्हणून नाही. मला तिच्याशिवाय कुठं बसायची सवय नाही.

तुझा बाप

आणे, ६ एप्रिल

आदेश,

फोनवर तू आधी "आई आहे का जवळ?" म्हणालास आणि माझी बोलतीच बंद झाली, म्हणून हे लिहितो. तुला वाटलं असेल, बाप रागावलाय. फोन तिच्याकडं देऊन मी गोठ्यात जाऊन उभा होतो.

तुझं बोलणं तिनं मला शब्दाशब्दानं सांगितलं. "देवकाला काका-काकूच बसू देत. कुंकू नको, काही नको. तू नुसती ये." ती म्हणे विचारत होती, लोक बोलतील त्याचं काय? आणि तू म्हणालास, बोलू देत. एवढं सोपं होतं तर आपण सगळे तीन महिने का जळत होतो, असं मी तिला विचारलं. म्हणाली, सोपं नव्हतं, त्याच्यावर रेटा होता तोवर त्याला वाकता येत नव्हतं. तू माझ्यावर गेलायस, असंही म्हणाली. हे कौतुक नव्हतं.

आम्ही येऊ. पुढच्या रांगेत बसवू नकोस, भावकीच्या नजरा तिथंच असतात. आम्ही मागं, पंख्याजवळ बसू. कुणी तिला काही बोललं तर मी काय करीन याची हमी देत नाही, तेवढं भरतला सांगून ठेव.

तुझा बाप

आणे, २७ एप्रिल

आदेश,

लग्न चांगलं झालं. भटजी जरा घाईचा होता. भरतनं देवकाला बसून स्वतःचंच लग्न असल्यासारखे फोटो काढून घेतले, तो हौशी आहेच. कुणी काही बोललं नाही. एक म्हातारी आईच्या कपाळाकडं बघत राहिली होती, तर आईनंच तिला सरकून जागा दिली आणि गुडघ्यांचं विचारलं. पुढं दोघी गुडघ्यांवरच बोलत बसल्या.

आता जे लिहिणार आहे ते तुला माहीत नाही.

सकाळी निघताना मी चहा केला. ती म्हणाली, तिकडं गेल्यावर घेऊ. मग तिनं गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली. मी विचारलं, गोळी घ्यायची नाही का? "डॉक्टरला फोन करून इचारलंय. आजच्या दिवस सकाळची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर चालंल." आणि तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून वेणी घालायला बसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, मंगल, पुन्हा? आता काय मागायचं राहिलं? पोरानं बोलावलं की!

वेणी घालता घालता ती म्हणाली, "मागायचं कायबी न्हाई. नवरदेव लगीन लागंस्तोवर उपाशी असतोय. आपलं पोरगं उपाशी आन् आई जेवून बसली, असं कधी झालंय का? आधी त्याच्यासाठी करत व्हते. आज त्याच्यासंगं." मग वळून माझ्याकडं असं बघितलं की मी देवाशपथ म्हणालो, कुणाला सांगणार नाही.

मुहूर्त दुपारी होता. तो पुढं ढकलत ढकलत गेला. ऊन मी म्हणत होतं. मी खिशात साखरेची पुडी ठेवली होती आणि माझं अर्धं लक्ष तिच्या हातांकडं होतं, थरथरतात का. मंगलाष्टकं मी ऐकलीच नाहीत. ती मात्र मान उंच करून तुझ्याकडं बघत होती. तू अंतरपाटाआड उभा, घामाघूम, ओठ सुकलेले. तू ओठांवरून जीभ फिरवलीस की तीही फिरवायची. शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा तिनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि हातातल्या अक्षता श्रेयाच्या दिशेनं जोरात टाकल्या. त्या पुढच्या माणसाच्या टकलावर पडल्या.

मग पंगतीत तू श्रेयाला घास भरवलास, सगळ्यांनी आरडाओरडा केला, आणि तू ताट घेऊन उठलास आणि थेट मागं आलास. पुरी मोडलीस, वांग्याच्या भाजीला लावलीस आणि आईच्या तोंडात घातलीस. सगळा मंडप बघत होता. तिनं तो घास लगेच गिळला नाही. तोंडातच धरून ठेवला, डोळे भरून आले तिचे. तुला वाटलं, लग्नाचे अश्रू. तू हसत म्हणालास, "आई, आता परत माझ्यासाठी उपास धरायचा नाही हां!" आणि ती म्हणाली, "न्हाई धरायची रं तुज्यासाठी." पोरा, आदल्या रात्रीपासून पाण्यावर होती ती. तो तुझा घास तिचा त्या दिवसाचा पहिला घास होता, आणि हे तिथं फक्त मला माहीत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला.

नंतर ती व्यवस्थित जेवली, गोळी घेतली. काळजीचं काही नाही.

घरी आल्यापासून हे माझ्या पोटात मावत नव्हतं. भरतला नाव ठेवतो, पण मी त्याचाच भाऊ. तुला लिहायला बसलो तेव्हा पत्र पोस्टात टाकायच्याच विचारानं बसलो होतो. लिहिता लिहिता कळलं, की टाकलं तर तो घास तुझ्या गळ्यात अडकेल. तू पुन्हा हिशेब करत बसशील, आईनं किती सोसलं आणि आपण काय केलं. तुला तसं नको. तुला आईला भरवावंसं वाटलं आणि तू भरवलंस, तेवढंच तुझं राहू दे.

ती ओसरीवरून विचारते आहे, "कुणाला लिव्हताय?"

मी म्हणालो, कुणाला नाही.

तुझा बाप